चार खाटांची खोली

शनिवारी दुपारी एक वाजता माशेझीने टेबलावरचं मेणकापड पुसलं, लिचीची टोपली मधोमध ठेवली आणि मुलीला म्हणाली, "काढ तुझी वही. आत्या यायच्या आत उरकून टाकू."

"आत्या कशाला येतेय?" नोमुसाने विचारलं.

"वरच्या गल्लीत मयताला आलीय. तिथून इकडेच येणार. ती आली की तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगून झालं की ती सगळं पहिल्यापासून मोडते."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले बाबा गालातल्या गालात हसले. क्रेसेन्शिया त्यांची धाकटी बहीण. तिच्याबद्दल काहीही बोललं तरी ते एवढंच करत. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माशेझीला या हसण्याची इतकी सवय झाली होती, की ते तिला होकारही वाटे आणि नकारही.

नोमुसाने चौकटीची वही उघडली. ती पिनटाउनच्या दवाखान्यात गोळ्या मोजून द्यायची. तिचे आकडेही गोळ्यांसारखे एकाखाली एक, सारख्या आकाराचे बसलेले असत. पहिल्या पानावर तिने जहाजाचं चित्र डकवलं होतं. पांढरंशुभ्र, दहा मजली. डर्बनच्या बंदरातून सुटायचं, चार रात्री पाण्यावर, मध्ये एक दिवस मोझांबिकमध्ये पोमेनेच्या वाळूत, आणि परत. हॅमर्सडेलच्या या चार खोल्यांच्या घरातलं कुणीही आजवर जहाजात बसलं नव्हतं. बाबांनी मात्र बावीस वर्षं कापडाचे तागे ट्रकमधून बंदरावर पोचवले होते. भोंगा ऐकून जहाज आत येतंय की बाहेर चाललंय, हे ते सांगू शकत. जहाजात पाऊल कधी टाकलं नव्हतं.

"तर," नोमुसा म्हणाली, "एका खोलीत चार माणसं. पहिल्या दोघांचे आठ हजार नऊशे प्रत्येकी. तिसऱ्याचे आणि चौथ्याचे चार हजार दोनशे. ही सवलत चार माणसं एका खोलीत राहिली तरच. झाले सव्वीस हजार दोनशे. वर बंदराचा कर आणि तिथल्या नोकरांची बक्षिसी सहा हजार चारशे. एकूण बत्तीस हजार सहाशे रँड."

"बक्षिसी आधीच?" माशेझीने विचारलं. "त्यांनी काम कसं केलं ते न बघताच?"

"आधीच, मा. तीही डॉलरमध्ये."

"वा! म्हणजे त्यांनी चहा थंड आणला तरी आपण अमेरिकेचे पैसे देऊन मोकळे."

स्वयंपाकघराच्या दारात थोलाकेले उभी होती, ती ओढणीच्या टोकात हसली. थोलाकेले म्हणजे म्फानाची बायको, या घरची सून. चार वर्षं झाली लग्नाला. बाबा खोलीत असले की ती दारापाशीच बसायची नाहीतर उभी राहायची, डोक्यावर रुमाल, खांद्यावर ओढणी. तिला या घरात कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिच्या आईने शिकवून पाठवलं होतं.

पैसे कसे जमले ते सगळ्यांना पाठ होतं, तरी नोमुसाने वाचून दाखवलं. माशेझीचे चौदा हजार. ती काम करायची तो कपड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिच्यासकट कॉलर लावणाऱ्या सात बायकांनी भिशी सुरू केली होती, ती या वर्षी तिच्या नावाने उघडली. थोलाकेलेचे नऊ हजार. ती कोंबड्यांच्या कारखान्यात थंड खोलीत काम करायची आणि गेलं वर्षभर तिने दर दुसऱ्या रविवारी जादा पाळी केली होती. म्फानाचे सहा. नोमुसाचे पाच.

"तू येत नाहीस आणि पाच हजार देतेस," म्फाना बहिणीला म्हणाला. तो टायरच्या दुकानातून तसाच आला होता, नखं काळी, आणि एकामागून एक लिच्या सोलत होता.

"पाचवी खाट नाही त्या खोलीत. आणि तू बोलू नकोस, तुझे सहा मी तीनदा मागितले तेव्हा आले."

"एकूण चौतीस हजार," बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "चौदाशे उरतात."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते ऐकत होते तर.

"चौदाशेत बाकी सगळं," नोमुसा म्हणाली. "बंदरावर गाडी ठेवायचे चार दिवसांचे पैसे."

"गाडी कशाला? टॅक्सीने जाऊ," म्फाना म्हणाला.

"बॅगा घेऊन टॅक्सीत? प्रत्येक बॅगेचं भाडं लावतात. मग पेयं. जेवण फुकट आहे, पाणी फुकट आहे, बाकी थंड पेय प्रत्येक घोटाला पैसे."

"मी आल्याची बिअर करून देते पाच लिटर," माशेझी म्हणाली.

"बाहेरचं पेय नेऊ देत नाहीत, मा."

"मग पाणी प्यायचं. आजवर काय पीत होतो?"

"आणि बकरा," बाबा म्हणाले.

नोमुसाने पान उलटून पाहिलं. बकऱ्याचं वहीत लिहिलेलं नव्हतं.

"समुद्रावरून परक्या देशात जायचं," बाबा सावकाश म्हणाले, "आणि घरातल्या गेलेल्या माणसांना सांगायचं नाही? माझे वडील विचारतील, मुलगा कुठे गेला. बकरा हवा."

"बकरा अठराशेचा आहे, बाबा," नोमुसा म्हणाली.

"चार रात्रींसाठीच तर जातोय," म्फाना म्हणाला. "चार रात्रींना कोंबडी पुरे. बकरा अमेरिकेला गेलो तर."

बाबा हसले. थोलाकेले दारातून हळूच म्हणाली, "कोंबडी मी कारखान्यातून आणते, मा. आम्हाला निम्म्या भावात मिळते."

"कारखान्यातली सोललेली, पिशवीतली!" माशेझी म्हणाली. "पूर्वज म्हणतील, हिची पिसं कुठे आहेत?"

सगळे हसले. त्या क्षणी माशेझीला वाटलं, की जहाज यापेक्षा बरं काय असणार. हीच माणसं, हेच बोलणं, फक्त खाली पाणी. गेला महिनाभर निजताना ती नोमुसाच्या फोनवर त्या खोलीचा फोटो मागून बघायची. दोन खाटा खाली, दोन भिंतीतून ओढून काढायच्या वर. खिडकी नव्हती. खिडकीच्या खोलीला दीडपट पैसे होते. पण भिंतीवर एक मोठा गोल आरसा होता, आणि रोज बघून बघून तिला तो खिडकीच वाटू लागला होता.

फाटक वाजलं. काळे कपडे, काळी टोपी, हातात फॉइलने झाकलेली ताटली, अशी क्रेसेन्शिया आत आली.

"भाषणं संपेचनात," ती बूट काढता काढता म्हणाली. "मेलेला माणूस आयुष्यात इतकं बोलला नसेल. घ्या, तिथले गोड पाव, स्कोन आणलेत. दादा, वाळलास. वहिनी, याला खायला घालता ना?"

"त्यांना विचारा, वन्सं."

"याला काय विचारायचं, हा नुसता हसतो." ती म्फानाला सरकवून टेबलाशी बसली. "हं. दाखवा तुमचं जहाज. मी स्वाझीलँडला गेले होते तेव्हाचा पासपोर्ट आहे माझ्याकडे, पाच वर्षं शिल्लक. मला कुणी विचारलं नाही ते सोडा."

नोमुसाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. आत्याने मध्ये मध्ये "हं" केलं, बक्षिसीला नाक मुरडलं, बकऱ्याच्या बाजूने मान हलवली. मग फोन हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, खोलीचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"यात कोण कोण?"

"बाबा, मा, म्फाना, थोलाकेले."

"एकाच खोलीत?"

"हो. म्हणून तर स्वस्त."

आत्याने फोन टेबलावर ठेवला. "ही पोरगी," ती थोलाकेलेकडे न बघता म्हणाली, "आपल्या सासऱ्याच्या खोलीत झोपणार? वरच्या खाटेवर? त्याच्या डोक्यावर पाय करून?"

म्फानाच्या हातातली अर्धी सोललेली लिची तशीच राहिली. थोलाकेले दारातून एक पाऊल मागे, स्वयंपाकघरात सरकली.

माशेझीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. महिनाभर तिने तो फोटो पाहिला होता. आरसा पाहिला होता, चादरी पाहिल्या होत्या, उशा मोजल्या होत्या. जी सून सासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही, सासरे बसतात त्या खुर्चीवर चुकूनही टेकत नाही, ती त्याच चार भिंतींत रात्रीचे कपडे घालून कशी झोपेल, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. नोमुसाला नाही, म्फानाला नाही. बाबांना सुचलं होतं की काय कोण जाणे. थोलाकेलेला नक्कीच सुचलं असणार. ती बोलली नव्हती.

"मी फक्त आकडे बघितले," नोमुसा पुटपुटली.

"दोन खोल्या घ्या मग," म्फाना म्हणाला.

"सवलत जाते. प्रत्येकी आठ हजार नऊशे. नऊ हजार चारशे जास्त लागतील."

"नऊ हजार चारशे," म्फाना म्हणाला, आणि पुन्हा लिची सोलू लागला.

"बुकिंग रद्द केलं तर?" माशेझीने विचारलं.

"भरलेले अर्धे पैसे बुडाले. नाव मात्र बदलता येतं, नावामागे सातशे रँड. तेही आज चार वाजेपर्यंतच. नंतर तेही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

"मग सोपं आहे," आत्या म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "सुनेचं नाव काढा, माझं घाला. मी याची सख्खी बहीण, लहानपणी एका चटईवर झोपलोय. म्फाना माझा भाचा, मी त्याचं ढुंगण धुतलंय. कुणाला काही अडचण नाही. सातशे मी देते, आणि वर चार हजार. बकराही येईल."

नोमुसाने पेन उचललं. तिने खाली बघूनच हिशोब केला आणि तो जमला. माशेझीला ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आकडे जमले की तिच्या भुवया सैल व्हायच्या.

"तिचे नऊ हजार?" माशेझीने विचारलं.

"हळूहळू परत करू, मा. म्फाना देईल."

म्फानाने आणखी एक लिची उचलली. बाबा फरशीकडे बघत होते. स्वयंपाकघरातून थोलाकेलेचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा.

"हरकत नाही, मा. मी थांबते. घराकडे कुणीतरी हवंच."

माशेझी टोपलीतल्या लिच्यांकडे बघत राहिली. हेच वाक्य तिने स्वतःच्या तोंडून ऐकलं होतं, याच चार शब्दांत, सत्त्याहत्तर साली. तेव्हा ती आठ महिन्यांची नवी सून होती. एशोवेला सासूच्या भाचीचं लग्न. अख्खं घर उघड्या लॉरीतून निघालेलं. तिने निळा झगा स्वतः शिवला होता. लॉरी सुटायला आली आणि वसतिगृहातून चौदा वर्षांची क्रेसेन्शिया धावत आली. जागा एकच. सासू म्हणाली, शेळ्यांना कुणीतरी हवं. ती म्हणाली, हरकत नाही, मी थांबते. तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. लग्न तरी काय, कुणाच्या तरी भाचीचं. पण त्या लग्नात नवरदेव खुर्चीसकट मागे पडला, आणि पुढची दहा वर्षं हे घर जमलं की ती खुर्ची निघायची. सगळे हसून हसून डोळे पुसायचे, आणि मग कुणीतरी मायेने तिच्याकडे वळून म्हणायचं, "अगं, तू नव्हतीस ना!"

तू नव्हतीस ना. उद्या जहाजाच्या गोष्टी निघतील. पंधरा वर्षं निघतील.

"वन्सं," ती म्हणाली, "मला एक सांगा. सुनेने सासऱ्याच्या खोलीत झोपायचं नाही, खरं आहे. मीही तेच पाळलं. पण यात माणसं किती?"

"म्हणजे?"

"सून एक. सासरा एक. दोघं ना? मग दरवेळी एकाचंच नाव का खोडायचं?"

आत्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वहिनी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? सून जहाजात मजा करणार आणि घरचा मालक दारात कुत्र्यासारखा राखण करत बसणार?"

"मी राखण करत बसले होते तेव्हा मी कुत्री होते का?"

हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. आत्याचं तोंड उघडं राहिलं. तिला ते साल आठवलं की नाही, हे माशेझीला कळलं नाही. बहुधा नाहीच. लॉरीवर चढलेल्याला लॉरी आठवते, खाली कोण राहिलं ते नाही.

"मा," नोमुसा घाईने म्हणाली, "असं केलं तरी जमत नाही. बाबा नाहीत, तर तू, म्फाना आणि थोलाकेले एका खोलीत. नवरा-बायको, आणि मध्ये सासू."

"तेही नीट दिसत नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज परत आला होता.

"मग माझंही नाव काढा," म्फाना म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने समोरच्या सालांचा ढीग हाताने एकत्र केला. "बायकांची खोली करा. मा, थोलाकेले, आत्या. आणि नोमुसा, तू. तुझा पासपोर्ट आहे, मला माहितीय. आमचे काढायला रांगेत उभी राहिलीस तेव्हा तुझाही काढलास."

नोमुसाने वही मिटली. "रांगेत उभीच होते, म्हणून."

"म्हणूनच. मी बाबांबरोबर थांबतो. मी मकाईचं घट्ट पाप शिजवतो, बाबा रस्सा करतील."

"तू पाप शिजवणार?" आत्या म्हणाली. "मकाईचं पीठ आणि पाणी यातलं आधी काय टाकायचं ते माहितीय का?"

"चार दिवसांत कळेल."

"चौघी बायका एका खोलीत," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिने फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला होता. "मी वर चढणार नाही हं. माझे गुडघे बघा. पोरी वर, आपण दोघी खाली, वहिनी. आणि तुम्ही घोरता, ते मला माहितीय."

इतक्या चटकन ती बाजू बदलेल असं माशेझीला वाटलं नव्हतं. खाट मिळाली की तिचं भांडण संपलं. पण हसू यायच्या आत माशेझीचं लक्ष खिडकीकडे गेलं. बाबांची खुर्ची रिकामी होती. कधी उठले कुणाला कळलं नव्हतं. ते बाहेर ओट्यावर उभे होते, पाठ घराकडे, एक हात खांबावर.

ते हो म्हणाले नव्हते. नाही म्हणाले नव्हते. माशेझी दारापर्यंत गेली आणि थांबली. बावीस वर्षं या माणसाने बंदरात तागे उतरवून रिकामा ट्रक घरी आणला होता. भोंग्यांबद्दल तो मुलांना सांगायचा, दुसऱ्या कशाबद्दलही इतकं बोलायचा नाही. त्याने पासपोर्टसाठी फोटो काढताना दोनदा टाय सरळ केला होता. आणि तिने चार माणसांत, बहिणीसमोर, त्याचं नाव खोडायला सांगितलं. न्यायाचं बोलली होती. पण त्याला विचारून बोलली नव्हती. चार रात्री त्याच्याशिवाय ती फक्त एकदा राहिली होती, म्फाना झाला तेव्हा, इस्पितळात.

"मा," मागून थोलाकेले म्हणाली. ती पहिल्यांदाच टेबलापर्यंत आली होती. "मी बाबांचं नाव काढणार नाही. मला नाही जमणार. मला जायचंय, मा, खोटं कशाला बोलू. थंड खोलीत बारा बारा तास उभी असते तेव्हा मी तेच डोळ्यांसमोर आणायची, ऊन आणि पाणी. पण असं नाही."

"असं नाही तर कसं?" माशेझीने विचारलं.

थोलाकेलेने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

म्फानाने बायकोपुढे तिचा फोन ठेवला. "आधी माझं नाव तर काढ. तेवढं तर सगळ्यांना मान्य आहे ना?"

बुकिंग थोलाकेलेच्या कार्डावर होतं. हप्त्याने पैसे भरायची सोय तिच्याच कार्डाला होती. म्हणून कंपनीची माणसं बोलायची ती तिच्याशीच. बरंच संगीत वाजलं, मग केपटाउनहून एक मुलगी बोलू लागली. फोन टेबलावर, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. पहिलं काम दोन मिनिटांत झालं. म्फानाफुथी सेले बाहेर, क्रेसेन्शिया सेले आत. आत्याने पासपोर्टचा क्रमांक पाठ म्हणून दाखवला.

"झालं," मुलगी म्हणाली. "अजून काही बदल? चारला यंत्रणा बंद होते."

थोलाकेलेने माशेझीकडे पाहिलं. माशेझीने दाराकडे. बाबांची पाठ तशीच होती, पण दार उघडं होतं, आणि ओटा सहा पावलांवर.

"मॅडम? अजून कुणाचं नाव काढायचंय का?"

"हो," माशेझीच बोलली. मग तिला वाटलं, जीभ चावावी. "म्हणजे, विचारतोय आम्ही."

"खातेदारानेच सांगावं लागेल. मॅडम, कुणाचं?"

थोलाकेले गप्प. माशेझीला आधी वाटलं की ती हट्टाने गप्प आहे. मग तिच्या लक्षात आलं. ही हट्टाची गोष्टच नव्हती. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. ज्या शब्दात ते नाव येतं तो शब्दसुद्धा टाळते, वळसा घालून दुसरा वापरते. चार वर्षांत हे नाव तिच्या ओठांवर आलेलं नव्हतं. घ्यायचं ठरवलं असतं तरी आलं नसतं.

"यादीत पहिलं आहे ते," थोलाकेले अखेर म्हणाली.

"नाव सांगा, मॅडम. संभाषण नोंदवलं जातं."

"माझ्या नवऱ्याचे वडील."

"हो, पण त्यांचं नाव?"

"सर्वांत वयस्कर आहेत ते."

नोमुसाने तोंडावर हात धरला. "मी सांगते," ती पुढे झाली, "मी त्यांची मुलगी."

"माफ करा. खातेदार किंवा प्रवासी स्वतः. दुसरं कुणी चालत नाही."

"अगं बाई, ती नाव घेऊ शकत नाही त्यांचं!" आत्या फोनवर ओरडली. "सासरा आहे तिचा! तुमच्याकडे काही शिकवतात की नाही?"

"मला समजलं नाही," मुलगी म्हणाली, पण सौम्यपणे. "त्या बोलू शकत नाहीत का?"

थोलाकेलेने मान खाली घातली. "राहू दे," ती फोनकडे हात नेत म्हणाली. "काही बदल नाही म्हणून सांगते."

ओट्यावर पावलं वाजली. बाबा आत आले. थोलाकेले उठून बाजूला झाली, भिंतीला लागून, ओढणी सावरत. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. ते तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, फोन दोन्ही हातांत धरला आणि जुन्या ट्रकच्या वायरलेसवर बोलायचे तसं मोठ्याने, एकेक अक्षर सोडवून बोलले.

"म्फिकेलेली अल्फियस सेले. तो मीच. ते नाव काढा. तिथे नोमुसा सेले लिहा. माझी मुलगी."

फोनमध्ये टाइप केल्याचा आवाज आला. माशेझी नवऱ्याच्या मानेमागचे पांढरे केस बघत उभी होती. मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं. पण सुनेसमोर तेही करायचं नसतं, म्हणून तिने खुर्चीच्या पाठीवर ठेवला. त्याने पाठ किंचित मागे टेकवली.

"नोंद झाली, बाबा," मुलगी म्हणाली. "एक रकाना राहिला. तुमचं नाव रद्द करण्याचं कारण लिहावं लागतं. आजारपण लिहू का?"

"नाही, मी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले.

"मग काय लिहू?"

त्यांनी फोन आणखी जवळ घेतला. भिंतीशी थोलाकेले उभी होती.

"लिहा," बाबा म्हणाले, "आमची सून फिरायला चाललीय."